ताईचा पाय शेकणारी पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी गरम पाण्याची पिशवी आहे. लाल रबराची, गळ्याशी आखूड, पोटाशी रुंद. आता माझा रंग विटलाय आणि पोटाच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्यात. मी कपाटाशेजारच्या खिळ्याला लटकलेली असते. मला कुणी टाकून देत नाही आणि खालीही काढत नाही. असं का, तेच सांगायला बसलेय. मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या.

कारखान्यात मला साच्यातून काढलं, हवा भरून पाण्यात बुडवलं, तर एकही बुडबुडा आला नाही. त्याचा मला केवढा तोरा! औषधाच्या दुकानातून मला एका वहिनीनं आणलं. दादाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, खांदा आखडला होता. तो आठ दिवसांत मोकळा झाला आणि मी कपाटात गेले.

त्या घराखाली त्यांचंच पुस्तकबांधणीचं दुकान होतं. दादा कागद कापायचा आणि त्याची धाकटी बहीण, आमची ताई, पानं शिवायची. काय हात होता तिचा! सुटी झालेली पुस्तकं तिच्याकडे यायची आणि नव्यासारखी होऊन जायची. ताईला लहानपणापासून फिट यायच्या. गोळ्या वेळेवर घेतल्या तरी वर्षातून दोन-तीनदा यायच्याच. दादानं तिच्या खोलीची आतली कडी काढून टाकली होती. कापायच्या यंत्राजवळ जायचं नाही, गॅस पेटवायचा नाही, एकटीनं बाहेर पडायचं नाही. सगळं मायेपोटीच हो, मी कशाला नावं ठेवू? पण असं करता करता तिच्याजवळ फक्त सुई-दोरा उरला होता आणि त्यात तिचा जीव होता.

बसक्या स्टुलावर दिवस दिवस वाकून ताईची कंबर धरली. मग कळ यायला लागली. कमरेतून निघायची, मांडीच्या मागून थेट टाचेपर्यंत जायची. पाय आपोआप झटका घ्यायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा वहिनी धावत आली, ताईला कुशीवर निजवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. फिट किती मिनिटं टिकते ते डॉक्टरांना सांगायचं असतं ना! ताई सांगत होती, मी शुद्धीवर आहे, मला पायात कळ आलीय. वहिनी म्हणाली, हो हो, तू पडून राहा. पुढच्या वेळी दादानंही तेच केलं. तिसऱ्या वेळी तो वहिनीला म्हणाला की हिच्या फिट वाढल्यात, आता हिचं शिवणकाम बंद करायला हवं. ताईनं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून पायाचं नाव काढलं नाही.

तिनं मला कपाटातून शोधून काढलं. दुपारी दादा-वहिनी खाली दुकानात असली की विजेच्या किटलीत पाणी तापवायची, मला भरायची, लोकरी खोळ चढवायची आणि मांडीखाली घ्यायची. दाराला कडी नव्हती, म्हणून शिवलेल्या जाड वह्यांचा ढीग दाराला टेकवायची. "तू आहेस म्हणून बसता येतंय गं मला," असं एकदा म्हणालीसुद्धा. मी फुगून गेले. पाय शेकण्यात दोन वर्षं निघाली, आणि हे कुणाच्या तरी कानावर जायला हवं, असं मला एकदाही वाटलं नाही.

त्या दुपारी माझी खोळ धुऊन वाळत घातली होती. ताईनं मला नुसत्या ओढणीत गुंडाळलं. पाणी जरा जास्तच तापलं होतं. ती आडवी झाली आणि तिला फिट आली. या वेळी खरी आली.

फिट दोन-तीन मिनिटांत थांबली असेल. पण नंतर तिला नेहमी गाढ झोप लागते, तशी लागली. ओढणी सरकली होती. मी तिच्या मांडीखाली होते. तो पाय तसाही बधिर झालेला, आणि ताई शुद्धीवर नव्हती. मी हलू शकत नव्हते. पाणी निवायला किती वेळ लागतो, ते मला त्या दुपारी कळलं. अजून कळतंय. खिळ्याला रिकामी लटकलेय, तरी कधी कधी तिचं वजन माझ्यावर आहे असं वाटतं आणि मी घाबरते.

दादानं दार ढकललं तर वह्या आडव्या. त्या कोसळेपर्यंत आणखी थोडा वेळ गेला.

भाजलं कशानं ते दाखवायला त्यानं मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मलमपट्टी केली आणि विचारलं, पाय शेकत का होता? दादा म्हणाला, फिटमुळे दुखतो तिचा पाय. बाईंनी ताईला उताणं झोपवून तो पाय सरळ ठेवून हळूच वर उचलला. वीतभर उचलला नाही तोच ती कळवळली. बाई म्हणाल्या, हे फिटचं नाही, कमरेतली नस दबलीय, याला सायटिका म्हणतात. फिट येणाऱ्या माणसालाही दुसरं दुखणं होऊ शकतं. मनानं दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका, काही गोळ्यांनी फिट वाढतात.

दादानं ताईला विचारलं, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले होते," ताई म्हणाली. "तुम्ही घड्याळ बघत होतात."

दुसऱ्या आठवड्यात दादानं तिच्यासाठी उंच टेबल करून घेतलं. सुई तिच्या हातात राहिली. व्रण मात्र गेला नाही.

दादा रोज दुकानात उतरताना विचारतो, पाय कसा आहे? ताई म्हणते, बरा आहे. तो गेला की ती भिंतीला हात टेकून, कळ ओसरेपर्यंत एका पायावर उभी राहते. मी खिळ्यावरून बघते. मला ओरडता येत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी असं कुणी असेल तर विचारा, जरूर विचारा. पण 'बरा आहे' ऐकलं की लगेच जिना उतरू नका. तिथंच थोडं थांबा.