उपरण्याची गाठ

आमच्या मालकांनी उभ्या जन्मात मला नावानं हाक मारली नाही. लग्नात नणंदांनी उखाण्यासाठी दार अडवलं, तरी हे खाली मान घालून उभे. चारठाण्याच्या देवळातला पुजारी माणूस, देवांची नावं धडाधड घेणार, बायकोचं घ्यायला लाज! मला नुसतं "ऐकलं का?" म्हणायचे, आणि मी तोंडाळ बाई, ऐकायच्या आधी दोन शब्द सुनावायची.

अल्झायमरनं ती हाकही नेली. दिवाळीपासून विचारतात, "बाई, तुमी कोणाच्या?" मी जायच्या आधी एकदा तरी त्यांनी मला ओळखावं, एवढंच माझं मागणं आहे.

त्यात त्यांच्या दम्यानं उचल खाल्ली. डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. श्वास मोकळा झाला, पण चेहरा सुजला आणि साखर तीनशेच्या वर गेली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांमुळं वाढते. गोड बंद ठेवा, पण मला विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका." मी साखरेचा डबा कुलपात घातला. त्यांना एकट्याला फिका चहा द्यायला जीव होईना, म्हणून मीही फिकाच प्यायला लागले. तरी साखर उतरेना. मला वाटलं, गोळ्यांचं निमित्त, म्हातारा देवळात बसून बत्तासे खातोय.

काल ते देवळातून घरी आले तर उपरण्याला गाठ. माझं डोकंच फिरलं.

"काय चोरून खायलाव? सोडा ती गाठ!"

त्यांनी मूठ आवळली. मी हिसका दिला, तसे बत्तासे जमिनीवर सांडले. किती दिवसांचे होते कोण जाणे, काहींचा भुगा झालेला. पण एकालाही दात लागलेला नव्हता. गोळ्यांचीच साखर होती ती.

"म्या न्हाई खाल्ले, बाई," ते खाली बसून वेचायला लागले. "घरच्याला दिल्याबिगर परसाद खात नसतेत. हे मनकर्णाचे हायत."

मनकर्णा. माझं नाव. त्यांच्या आवाजात ते कसं वाटतं, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. एका परक्या बाईजवळ त्यांना ते घेता आलं.

"मग द्या की तिला."

"कवाचा हुडकायलोय. घावंना झाली."

माझा बांध फुटला. मी त्यांच्यासमोर बसले, त्यांचे दोन्ही हात धरले. "अवो, मीच मनकर्णा. बघा की माझ्याकडं!"

त्यांनी बघितलं. खूप वेळ, अगदी निरखून बघितलं. मग मान हलवली.

"न्हाई. माझी मनकर्णा कदी वरडत न्हाई."

आयुष्यभर मी ह्या माणसावर ओरडत आले होते.

मला रडताना बघून ते गडबडले. एक बत्तासा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "रडू नका, बाई. तुमी रोज फिकाच चहा पिता. एक तुमी घ्या. बाकीचे तिचे."

मी तो त्यांच्यासमोर खाल्ला. बाकीचे वेचून पुन्हा त्यांच्या उपरण्यात घातले आणि गाठ घट्ट बांधून दिली.