वाडीचे पाच वाटे

मकसूदने कोयता उगारला आणि काजीसाहेबांनी मोजणीसाठी माडाला बांधलेला दोर एका घावात तोडला. दुसरा घाव गुणाजीच्या खांद्याला चाटून गेला. वीस वर्षे या वाडीतले माड चढणारा तो गडी दोराचे दुसरे टोक धरून उभा होता. तो मागच्या मागे आळ्यात पडला.

"ही बाव माज्या वाट्याला येल," मकसूद म्हणाला. "न्हायतर वाटणीच व्हायची न्हाय."

त्याच विहिरीत चाळीस दिवसांपूर्वी त्याच्या बापाचे, दाऊदमियाँचे, प्रेत तरंगले होते. डोक्याला मागून खोक होती. साऱ्या चौलात मकसूदखेरीज दुसरे नाव कोणी घेतले नाही. आदल्याच दिवशी बापलेकांची हाणामारी झाली होती, आणि ते फौजदाराला सांगितले होते हुस्नबानूने, त्याच्या थोरल्या बहिणीने. पोलिसांनी त्याला अलिबागला नेऊन आठवडाभर झोडपले आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिले. घरी आल्या आल्या त्याने बहिणीचे मनगट पिरगाळून मोडले. ते अजून कामट्यांत बांधलेले होते.

काजीसाहेबांनी सकाळीच शरीयतचा हिशेब समजावला होता. वाडीचे पाच वाटे. दोन मकसूदचे, दोन धाकट्या अलीमियाँचे, एक हुस्नबानूचा. आता ते तुटलेल्या दोराकडे पाहत विहिरीच्या काठावर बसले.

"एक गोष्ट सांगायची राहिली," ते म्हणाले. "बापाला मारणाऱ्याला बापाची मिळकत मिळत नाही. तो असून नसल्यासारखा. वाटे करताना त्याला धरतच नाहीत."

मकसूदने झेप घालून त्यांची मानगूट धरली. पगडी चिखलात गेली. गुणाजीने मागून त्याला मिठी मारली, तर मकसूदच्या कोपराने त्याचे तोंड फुटले. अलीमियाँ जागचा हलला नाही. म्हाताऱ्याचे डोळे पांढरे होऊ लागले तेव्हा कुठे मकसूदने पकड सोडली आणि कुरआन मागितले.

पाटाच्या पाण्यात त्याने हातातोंडाचे रक्त, चिखल धुतला. काजीसाहेबांनी धापा टाकत बस्त्यातून ग्रंथ काढला. मकसूदने त्यावर हात ठेवला.

"बाबाला मी मारला न्हाय. खोटा बोलत असन तर माजा वंश बुडू दे."

पोलिसांच्या माराने न रडलेला माणूस हमसून हमसून रडू लागला. चाळीस दिवसांत हुस्नबानूने प्रथमच त्याच्या तोंडाकडे पाहिले.

काजीसाहेब म्हणाले, शपथ एकाला तीच दुसऱ्याला. त्यांनी ग्रंथ अलीमियाँपुढे धरला. अलीमियाँ वीस वर्षांचा होता. आई त्याच्या बाळंतपणात गेली, तेव्हापासून हुस्नबानूनेच त्याला वाढवले होते. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मला वाटा नको. माजा पन भाईला न् आपाला द्या."

काजीसाहेबांना गहिवरून आले. भांडण मिटावे म्हणून सगळे सोडणारा वारस त्यांनी उभ्या हयातीत पाहिला नव्हता. दोघांना बक्षीस दिले असे साक्षीदारांसमोर बोल, म्हणजे झाले, असे ते म्हणाले.

हुस्नबानू त्या पाठीमागच्या हातांकडे बघत राहिली. बाप गेला त्या दुपारी अलीमियाँ ओलाचिंब घरी आला होता. रेवदंड्याला समुद्रात डुंबलो, म्हणाला. त्याच्या पाठीवर बापाच्या काठीचे ताजे वळ होते. तिने त्यांना तेल लावले, त्याचे कपडे धुतले. कपड्यांतून वाळूचा एक कण निघाला नव्हता. संध्याकाळी प्रेत सापडले आणि मग ती दुसरेच नाव सांगायला गेली.

"काजीसाहेब, बक्षीस नको," ती म्हणाली.

"मग किती वाटे करू?"

अलीमियाँने तिच्याकडे पाहून होकारार्थी मान हलवली.

"तीन करा. दोन मकसूदचे, एक माजा."

काजीसाहेबांनी अलीमियाँकडे पाहिले. तो नाही म्हणाला नाही. लहानपणी मार खाऊन आला की बसायचा, तसा तो आपाच्या पायांशी बसला.

मकसूद उठला. तो जवळ येताना पाहून हुस्नबानू दोघांच्या मध्ये उभी राहिली.