तेविसावं पुस्तक

"पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह," आरोग्य खात्याच्या खिडकीतली नुरझात म्हणाली आणि बुरुलचं पुस्तक दोन बोटांच्या चिमटीत धरून तिनं बाहेर सरकवलं. मेलेली पाल धरावी तसं.

बुरुलनं ते तसंच आत ढकललं.

"आतला कागद वाच."

"कुठला?"

"ओशच्या लॅबचा. विषाणू नाही असं लिहिलंय त्यात. शून्य. मी बरी झालेय."

"बरी झालात तर पट्टीवर दोन रेघा कशाला आल्या एजे?" एजे म्हणजे ताई, आमच्याकडं थोरल्या बाईला असंच म्हणतात.

"तुझ्या कपाळावर कांजिण्यांचा खड्डा आहे. आज कांजिण्या आहेत का तुला?"

नुरझातचा हात आपोआप कपाळाकडं गेला. मागं रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. नुरझात लाल झाली.

"एजे, माझ्याशी भांडू नका. फॉर्मवर दोनच चौकोन आहेत. 'आहे' आणि 'नाही'. 'होता, गेला' असा चौकोनच नाही."

"पेन आहे ना तुझ्याकडं? मग काढ की एक चौकोन."

"मला नोकरी करायचीय."

"मलापण," बुरुल म्हणाली.

खिडकी बंद झाली. जेवणाच्या सुट्टीला अजून चाळीस मिनिटं होती, तरी झाली.

आता हे पुस्तक म्हणजे काय, तर हॉस्पिटलात काम करणाऱ्या प्रत्येकाचं एक हिरवं आरोग्य-पुस्तक असतं. वर्षातून एकदा रक्त द्यायचं, पट्टीवर एक रेघ आली की शिक्का. शिक्का नाही तर पेशंटला हात लावायचा नाही. नियम चांगलाच आहे. पण सारी-बुलाकच्या हॉस्पिटलात तो पाळायची पद्धत अशी, की दर मार्चात तेवीस जणांची तेवीस पुस्तकं एका प्लास्टिकच्या पिशवीत भरायची, वर मधाची बरणी आणि कुरुतची पुडी ठेवायची, आणि कुणीतरी एकानं ती पिशवी खिडकीत नेऊन द्यायची. दुपारी तेवीस शिक्के मारून पिशवी परत. कुरुत, म्हणजे दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या, तेवढे नुरझातकडं राहायचे आणि रक्त ज्याचं त्याच्या अंगात राहायचं. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. आणि आठ वर्षं पिशवी नेणारी बाई होती बुरुल. स्वतः.

या वर्षी तीच बाई एकटी जाऊन खुर्चीत बसली आणि बाही वर करून म्हणाली, घ्या माझं रक्त.

येडीच, असं सगळे म्हणाले. पण कारण होतं. शेहेचाळीस वर्षांची बुरुल, त्यातली एकोणीस वर्षं इंजेक्शनच्या खोलीत. तिच्या बोटांना डोळे आहेत म्हणायचे लोक. डोंगरावरच्या वस्तीतून बाया घोड्यावर बसून यायच्या आणि दारात उभ्या राहून विचारायच्या, बुरुल आहे ना? नसेल तर उद्या येतो. त्याच खोलीत अकरा वर्षांपूर्वी एक दारुडा सलाईन लावताना झटापट करायला लागला आणि त्याच्या हातातली सुई हिच्या अंगठ्यात गेली. तिनं रजिस्टरमध्ये लिहिलं. ते रजिस्टर कुणी वाचलं नाही. गेल्या वर्षी पोट दुखतं म्हणून ओश शहराला गेली तेव्हा कळलं, हिपॅटायटिस सी. कुणी सांगायच्या आधी ती स्वतःच खोलीतून बाहेर पडली, किल्ली मेट्रनच्या टेबलावर ठेवली आणि जुने केसपेपर लावायच्या खोलीत जाऊन बसली. चहाच्या आपल्या पियाल्यावर तिनं नेलपॉलिशचा लाल ठिपका काढला. चहानं हा रोग लागत नाही हे तिला ठाऊक होतं. पण बाकीच्यांचा घास घशात अडकत होता, तो तिला बघवत नव्हता.

मग घोडी विकली. भारतातून आलेल्या गोळ्या, तीन महिने, रोज एक. त्यानंतर आणखी तीन महिने थांबून तपासणी. शून्य.

शून्य बघितलं आणि तिला वाटलं, आयुष्यात एक तरी शिक्का खरा मारून घ्यावा. एवढीच तिची चूक.

पट्टीला शून्य कळत नाही. रोग येऊन गेल्याची खूण रक्तात मरेपर्यंत राहते, आणि पट्टी बघते ती खूण. हे ओशच्या डॉक्टरनं तिला सांगितलं होतं. नुरझातला कुणी सांगितलं नव्हतं.

हॉस्पिटलात पोचली तर बातमी तिच्या आधी पोचलेली. बर्फ वितळून अंगणात सगळा चिखल झाला होता आणि ॲम्ब्युलन्सवाला तुर्गुनअली टायरखाली फळ्या घालत होता. त्यानं टोपी मागं सारली.

"काय ग बुरुल, नुरझातच्या कपाळावर बोललीस म्हणे? तिचा साखरपुडा आहे पुढच्या महिन्यात."

"मग नवऱ्यालापण सांगते. कांजिण्या आहेत, जपून."

तो हसला. बाकी कुणी हसलं नाही. मेट्रन ताजिखान दारातच उभी होती. अठ्ठावन्न वर्षांची, जाड, कडक, हातात कायम किल्ल्यांचा जुडगा. तिनं बुरुलला औषधांच्या कपाटामागं ओढलं.

"पुस्तक हरवलं म्हण."

"काय?"

"नदीत पडलं म्हण, गायीनं खाल्लं म्हण. नवीन पुस्तक काढू. कोरं. एकतीस तारखेला पिशवी जाणारच आहे, त्यात घालते. संध्याकाळी शिक्का, पहिल्या तारखेला तू तुझ्या खोलीत. नाहीतर डॉक्टर ओशहून दुसरी नर्स आणतोय आणि तुला कपडे धुवायला पाठवतोय. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"मग?"

"आजारी होते तेव्हा लपवलं नाही एजे. आता बरी झाल्यावर लपवू?"

"अगं शिक्का तर शिक्काच. त्याच्यावर काय लिहिलेलं असतं का खरा की खोटा?"

"माझ्या पुस्तकात 'बरी झाली' असं लिहून शिक्का हवाय मला."

"तसा चौकोन नाही!"

"तुम्हीपण नुरझातचंच बोलायला लागलात."

ताजिखाननं जुडगा आपटला. "एकोणीस वर्षं शिकवलं तुला, आणि शिकलीस काय? तोंड चालवायला."

सापारबाय डॉक्टरकडं बोलावणं आलं. तो चांगला माणूस, म्हणजे कुणाशी भांडण होऊ नये एवढाच चांगला. त्यानं तिला बसवलं, ओशचा कागद उलटा-सुलटा पाहिला, आणि स्वतःच्या हातानं चहा ओतला. काठोकाठ. आमच्याकडं अर्धा पियाला ओततात तो मानाचा, म्हणजे बसा, परत परत ओतू. काठोकाठ भरला म्हणजे हा प्या आणि निघा.

बुरुलनं भरलेल्या पियाल्याकडं बघितलं. हात लावला नाही.

"लॉन्ड्रीत तोच पगार आहे," डॉक्टर म्हणाला.

"लॉन्ड्रीत शिरा नाहीत."

"लोक घाबरतात, बुरुल."

"लोक तर रोज विचारतायत मी कधी येणार. घाबरतं कोण, त्याचं नाव सांगा."

डॉक्टरनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर चिखल होता फक्त.

दुसऱ्या दिवशी बुरुल पहाटेच्या गाडीनं ओशला गेली आणि दुपारच्या चहाला परत आली. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती दहाएक जण बसले होते, मध्ये बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, आणि जर्दाळूचा मुरंबा. लाल ठिपक्याचा पियाला नेहमीप्रमाणे कोपऱ्यात उपडा. बुरुलनं पिशवीतून खोका काढला आणि मुरंब्याशेजारी ठेवला.

"हे काय आणलंस?" तुर्गुनअलीनं विचारलं. "मिठाई?"

"पट्ट्या. नुरझातच्या खिडकीतल्याच कंपनीच्या. प्रत्येकाला नवी सुई. पंधरा मिनिटं लागतात. चला, बोटं काढा."

कुणीतरी बोरसोक अर्धा चावून तसाच धरून ठेवला.

"तू कोण आमचं रक्त तपासणारी?" ऑपरेशन थिएटरची बाई म्हणाली.

"पिशवी नेणारी. आठ वर्षं तुमच्या पुस्तकांवर शिक्के मीच आणलेत. खोटे. आता म्हणलं, एकदा खरं काय ते बघू. माझ्या दोन रेघा अख्ख्या गावानं बघितल्या. तुमची एक रेघ मला बघू दे ना. लाज कसली त्यात?"

"शिक्का आहे आमच्याकडं."

"कुरुतचा."

तुर्गुनअलीनं बाही सावरली, काळपट, ऑइलचं बोट पुढं केलं.

"घे. पण बायको म्हणते माझ्यात रक्त नाही, डिझेल आहे. पट्टी पेटली तर मला बोलू नकोस."

तिनं बोट पुसलं, दोनदा पुसायला लागलं, टोचलं. पंधरा मिनिटं सगळे त्या पट्टीकडं चूल बघावी तसे बघत बसले. एक रेघ. मग थिएटरची बाई उठली, जणू भांडायलाच उठली, आणि बोट पुढं केलं. मग आणखी चौघं. प्रत्येकाची एक रेघ. शेवटचा तर पट्टी खिशात घालून घरी घेऊन गेला, आईला दाखवायला.

ताजिखान मात्र पहिल्या सुईलाच उठून गेली होती. स्टॉक मोजायचाय म्हणाली.

चार वाजता बुरुल केसपेपरच्या खोलीत होती. दार उघडलं, ताजिखान आत आली, दार लावलं, आणि पाठ दाराला टेकवून उभी राहिली. उजवा हात पुढं केला. दुसऱ्या हातातल्या किल्ल्या वाजत होत्या.

बुरुलनं टोचलं. दोघी केसपेपरच्या गठ्ठ्यांवर बसल्या. ताजिखाननं एकदाही पट्टीकडं पाहिलं नाही, बुरुलच्या तोंडाकडं बघत राहिली.

पंधरा मिनिटं लागलीच नाहीत.

"दोन?" ताजिखाननं विचारलं.

"दोन."

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेली. आवाज लांबपर्यंत गेला.

"आमच्या वेळी काचेच्या सिरिंज असायच्या," ताजिखान म्हणाली. "उकळून उकळून तीच सुई. किती वेळा टोचली असेल हाताला. तेव्हा कोण मोजत होतं." मग थोड्या वेळानं, "दहा वर्षं थकवा येतोय मला. मी म्हणत होते, वय झालं."

"दोन रेघा म्हणजे रोग आहेच असं नाही. कुणाकुणाचा आपोआपपण जातो. ओशला जाऊन विषाणू मोजून घ्या. असला तर गोळ्या, तीन महिने. मला काही झालं नाही, थोडं डोकं दुखलं." बुरुलनं केसपेपरच्या कोपऱ्यावर लॅबचा फोन लिहिला आणि तुकडा फाडून दिला. पट्टी तिनं चार घड्या घातलेल्या कागदात गुंडाळून सुयांच्या डब्यात टाकली.

ताजिखान तुकडा मुठीत धरून बसूनच राहिली.

"आता सांग. काय हवंय तुला?"

"मला?"

"मी तुझ्या जागी असते तर मागितलं असतं."

"ते मला माहितीय," बुरुल म्हणाली. "तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. आणि एकच करा. माझं पुस्तक पिशवीत घालू नका."

एकतीस तारखेला पिशवी निघाली. मध, कुरुत, सगळं नेहमीचं. नेणाऱ्या पोरीनं पुस्तकं मोजली. दोनदा मोजली. "बुरुल एजेचं नाही ते माहितीय. पण हे एकवीसच भरतायत."

"बरोबर आहे," ताजिखान म्हणाली. "जा."

दुपारी चहाला डॉक्टरपण आला होता, ओशच्या नर्सचा अर्ज घेऊन. ताजिखाननं अर्ज वाचलासुद्धा नाही, घडी घालून किटलीखाली ठेवला.

"इंजेक्शनच्या खोलीत बुरुल बसेल. वरच्या ऑफिसला मी पत्र टाकलंय, तिच्या लॅबचा कागद जोडून, माझ्या सहीनं. फॉर्मला तिसरा चौकोन घाला म्हणून. उत्तर येईल तेव्हा येईल."

"आणि तोवर?" डॉक्टर म्हणाला. "शिक्का नाही तिच्या पुस्तकात."

"माझ्यातपण नाही यंदा. मलापण काढा."

डॉक्टरनं तोंड उघडलं आणि बोरसोक घातला.

ताजिखाननं जुडग्यातली एक किल्ली सोडवली. नखं तुटकी होती, वेळ लागला. किल्ली तिनं बुरुलसमोर मुरंब्याच्या वाटीशेजारी ठेवली. मग स्वतःचा पांढरा पियाला उचलला, त्यात चहा ओतला, अर्धा, आणि तो दोन्ही हातांनी बुरुलला दिला.

कोपऱ्यातला उपडा पियाला तिनं सरळ केला. फुंकर मारून धूळ उडवली. त्यात स्वतःसाठी ओतला.

"ताजिखान, तो तर...," थिएटरची बाई म्हणाली.

"चहा गार होतोय," ताजिखान म्हणाली आणि प्यायली.

बुरुल बघत होती. पियाला धरलेल्या त्या जाड बोटांमध्ये लाल ठिपका सगळ्यांना दिसेल असा बाहेर होता. अंगठा तिनं मुद्दाम बाजूला ठेवला होता.