दोन्ही बॅगा

धाकटे दीर पक्के हिशेबी. कुणासाठी फुकट खुर्चीसुद्धा सरकवायचे नाहीत. पण आज त्यांनी वहिनीच्या दोन्ही बॅगा उचलल्या आणि विमानातली खिडकीची जागाही तिलाच दिली. परदेशात तिचा मुलगा परवा अपघातात गेला होता. तिला मात्र ‘आजारी आहे’ एवढंच सांगायचं, बाकीचं उतरल्यावर, असं घरच्यांनी ठरवलं होतं.

रात्रभर ती मुलासाठी स्वेटर विणत होती.

“अहो वहिनी, झोपा आता. तो काय तिकडे उघडा बसलाय?”

बोलून गेल्यावर दिरांनी जीभ चावली.

उजाडताना तिने स्वेटर उसवायला घेतला.

“का हो? होत आला होता की!”

“माप कमी करते. नातवाला होईल.”

दिरांनी चहाचा कप खाली ठेवला. “कधी कळलं?”

“भाऊजी, इतक्या वर्षांत माझी पिशवी तरी कधी धरलीत? काल दोन्ही बॅगा उचलल्यात, तेव्हाच.”

“मग रात्रभर विणत का बसलात?”

“उजाडेपर्यंत तरी असू दे म्हटलं त्याला.”

तिने लोकरीचं टोक त्यांच्या हाती दिलं. घोकून ठेवलेलं वाक्य गिळून दीर गुंडाळू लागले.