छप्पन्नावं घर

निखिलने दुर्बिणीच्या डोक्यावरची कळ एका टोकापासून फिरवायला घेतली आणि तो मोठ्याने मोजू लागला. आकांक्षा मागच्या भिंगाला डोळा लावून बसली होती. दुर्बीण लोखंडी चिमट्यात घट्ट आवळलेली होती आणि शेडच्या पार दुसऱ्या टोकाला भिंतीवर चौकटींचा पांढरा तक्ता होता.

कळ एक क्लिक फिरली की दुर्बिणीतली फुली तक्त्यावर पाव घर वर सरके. लांबच्या निशाणासाठी फुली वर-खाली सरकायला हवी, वारा असेल तर डावी-उजवीकडे. करारात दोन्हींसाठी साठ-साठ घरं, म्हणजे दोनशे चाळीस क्लिक, असं लिहिलं होतं. डावं-उजवं मघाशीच पास झालं होतं. ते झाल्यावर आकांक्षाने फुली न विसरता मध्यावर आणून ठेवली होती, कारण ती कडेला राहिली तर आतल्या नळीला वर जायला जागाच उरत नाही.

तिचे वडील, कारखान्याचे मालक गिरिधर, हाताची घडी घालून मागे उभे होते. जालन्यात बियाणं होतं, सळई होते, पण बंदुकीची दुर्बीणही होते म्हटलं की लोक आधी हसायचे आणि मग ‘खरंच का?’ म्हणून विचारायचे. गिरिधरना दोन्ही आवडायचं. पुण्याच्या कंपनीने निखिलला नमुना तपासायला धाडलं होतं. पास झाला तर वर्षभराचं काम, नाही तर ते दुसऱ्या कारखान्याकडे जाणार होतं.

“दोनशे तेवीस, दोनशे चोवीस, दोनशे पंचवीस...”

आकांक्षाने डोळा बारीक केला. क्लिक वाजत होता, पण फुली छप्पन्नाव्या घरावर थांबली होती. आपलाच डोळा थकला असेल म्हणून तिने एकदा पापणी मिटून पुन्हा पाहिलं. क्लिकवर क्लिक वाजत राहिले आणि फुली ढिम्म हलली नाही. आतली नळी वरच्या भिंतीला टेकली होती आणि कळ नुसतीच फिरत होती. भिंगाला डोळा तिचा एकटीचाच होता, त्यामुळे हे तिच्याशिवाय कोणालाच दिसत नव्हतं.

“दोनशे चव्वेचाळीस. आलं टोक,” निखिल म्हणाला. “म्हणजे एकसष्ट घरं. अभिनंदन, काका!”

“म्हन्लं न्हव्तं का!” गिरिधरनी टाळी वाजवली. नळी बसवणाऱ्या दुर्गाबाईंनी पदराने कपाळ टिपलं.

आकांक्षाने भिंगावरून डोळा काढला.

“सर, शेवटचे वीस क्लिक नुसते वाजले. फुली छप्पन्नावरच थांबली.”

निखिलने तिच्याकडे पाहिलं, मग गिरिधरकडे. माणूस वाईट नव्हता. “मॅडम, सगळीकडे क्लिकच मोजतात. करारातही तसंच आहे. ते भरले.”

“मंग?” गिरिधर हलकेच म्हणाले. “माय, साहेबच बराबर हाय म्हणून राह्यले ना.”

“बाबा, ज्याच्या हातात ही जाईल तो कळ फिरवील. आवाज आला की त्याला वाटंल, फुली वर गेली. गोळी मात्र खालीच पडंल.”

गिरिधरनी चष्मा कपाळावर सरकवला, स्टुलावर बसून भिंगाला डोळा लावला आणि कळ थोडी मागे घेऊन पुन्हा पुढे फिरवली. मग पुन्हा एकदा. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“साहेब, लिहा छप्पन्न.”

“काका, मी लिहिलं की नमुना परत. पुढच्या वेळी बोलावतीलच असं नाही.”

“लिहा म्हन्लं ना.”

निखिलने लिहिलं आणि तो ऑटोने स्टेशनला निघून गेला.

“नळी म्याच बसवल्ती, ताई,” दुर्गाबाई म्हणाल्या.

“उद्या सगळ्याच दुर्बिणी खोलून बघू, मावशी. कुठं आडतंय ते सापडंल.” एवढं बोलून आकांक्षा चिमटा सैल करू लागली. आपण बापाच्या वर्षभराच्या कामावर पाणी ओतलं, हे तिला चांगलंच कळत होतं.

तेवढ्यात गिरिधरचा फोन वाजला. भोकरदनहून थोरले बंधू कारभारी बोलत होते, आणि त्यांचा आवाज फोनबाहेरही ऐकू यायचा.

“काय रे, पास झाला का माल?”

“न्हाई, दादा. फेल.”

“अरं देवा! पुण्यावाल्यानं खोट काढली?”

“त्याला कुठं दिसली! त्यानं तर पास केल्ता,” गिरिधर म्हणाले. आता ते शेडमध्ये येरझारा घालू लागले होते आणि प्रत्येक फेरीला त्यांचा आवाज चढत होता. “आपल्या आकांक्षानं फेल केला. सगळ्यांदेखत! मी सोता डोळा लावून बघितलं, दादा. पोरगी बराबर बोलून राह्यली.”

कारभारी पलीकडून बराच वेळ काहीतरी समजावत होते. गिरिधर “हां, हां” म्हणत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी फोन ठेवला आणि लगेच जांबच्या बहिणीला लावला. तिला तर आज तपासणी आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

“तुळजा, ऐकलं का,” ते म्हणाले, “आपला माल फेल झाला!”