आईजवळ उरलेला शब्द

आई शाळेत इंग्रजी शिकवायची आणि बाबा नाटकांचे सेट उभारायचे. त्यामुळे आमच्या घरात ‘सेट’ हा शब्द दिवसभर घरंगळत असायचा. बाबांचं, “आज सेट लावायचाय, उद्या मोडायचाय,” आणि आईचं, “मला पेपर सेट करायचाय, ती ठोकाठोक बाहेर करा!” बाबांचा लाकूड चिकटवायचा सरस सेट व्हायचा, दिवे सेट व्हायचे, आणि हल्ली त्यांच्या दातांचाही सेट आला होता.

आई बोलायला लागली की थांबायची नाही. शाळेतल्या पोरांनी तिचं नाव ‘धबधबा’ ठेवलं होतं आणि ते तिला मनापासून आवडायचं. नेमकी तिचीच वाचा गेली.

एका सकाळी कपड्यांवरून फिरवता फिरवता तिच्या हातून इस्त्री निसटली आणि पाठोपाठ ती भिंतीला टेकून खाली घसरली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. बाबांनी तिला उचललं, मी गाडी काढली. वेळेवर पोचलो म्हणून जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. शुद्धीवर आल्यावर नर्सनं विचारलं, “मावशी, नाव काय तुमचं?”

आई म्हणाली, “सेट.”

तिचं तिलाच नवल वाटलं. तिनं पुन्हा जोर लावला. “सेट. सेट सेट.” मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू कुणीतरी तिच्या तोंडात भलताच आवाज भरून ठेवलाय.

डॉक्टरांनी आम्हाला बाजूला नेलं. “त्यांना सगळं कळतंय. शब्द बाहेर यायची वाट बंद झालीय. अशा वेळी कधीकधी एखादाच शब्द उरतो आणि सगळ्यांच्या जागी तोच येतो.”

घरी आणल्यावर सुरुवातीला आमची नुसती धांदल. आई म्हणायची, “सेट,” मी टीव्ही लावायचे. “सेट!” मी कपबशा काढायचे. एकदा तिनं फारच हट्टानं “सेट, सेट” केलं, तेव्हा बाबांनी बिचाऱ्यांनी तोंडातली कवळी काढून तिच्यापुढे धरली. तिला खिडकी बंद करून हवी होती. आई ती कवळी बघत राहिली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आजारपणानंतरचं ते तिचं पहिलं हसणं.

बाबा म्हणाले, “एकच शब्द उरलाय म्हटल्यावर वाटलं होतं, आता तरी भांडणात मी जिंकेन. कसलं काय!”

खरं म्हणजे तिची भाषा पहिल्यांदा उमगली ती बाबांनाच. रंगमंचाच्या मागे अंधारात नुसत्या आवाजावरून माणूस ओळखायची सवय त्यांना. लांबवलेला ‘सेट’ म्हणजे कंटाळा आलाय, तुटका म्हणजे नको, आणि शेवटी वर चढणारा म्हणजे ‘तुम्ही जेवलात का?’ शेवटचा ओळखू आला तेव्हा ते उठून मोरीत गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

पण एक दिवस शाळेतल्या सहकारी बाई भेटायला आल्या. मनानं चांगल्या, पण आईशी मोठमोठ्यानं, तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलल्या. त्या गेल्यावर आईनं तोंड मिटलं ते मिटलंच. तो एक शब्दही बंद. स्पीच थेरपिस्ट ताई यायच्या, चित्रं दाखवायच्या, आई भिंतीकडे बघत बसायची.

थेरपिस्ट ताई मला म्हणाल्या, “त्यांना शिकायचं नाहीये. त्यांना शिकवायचंय.”

मी आईचा मोठा शब्दकोश कपाटातून काढला, तिच्या पलंगावर उघडला आणि म्हटलं, “आई, मला यातलं काही कळत नाही. जरा सांग.” ‘सेट’ची नोंद पानंच्या पानं पसरली होती. मी एक एक अर्थ वाचू लागले. आईनं आधी दुर्लक्ष केलं. मग मी मुद्दाम एक अर्थ चुकीचा सांगितला आणि तिचा डावा हात सटकन वर आला.

त्यानंतर ती थांबेना. सूर्य मावळतो म्हणून तळवा हळूहळू पलंगाच्या कडेखाली नेला. मोडलेलं हाड बसवतात म्हणून लुळ्या मनगटावर बोटं दाबली. जेली घट्ट होते ते दाखवताना सगळं अंग थरथरवलं आणि एकदम स्तब्ध झाली. एका शब्दाच्या पोटात इतकं काही असतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेवटी तिनं दोन बोटं ताठ धरली, दूर दूर. मी कोशात शोधलं. मुळात हे दोन वेगळे शब्द. एक इंग्रजीचा घरचाच, ‘बसवणे’ या अर्थाचा. दुसरा लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेनं आलेला, मागोमाग चालणाऱ्या माणसांचा, म्हणून त्याचा अर्थ गट, संच. बोलता बोलता दोघांचा उच्चार एकच झाला. मी हे वाचलं तशी आईनं बोटं जवळ आणून एकमेकांना चिकटवली आणि ‘कळलं का?’ अशी भुवई उडवली. वर्गात उडवायची तशीच.

बाबा चहा घेऊन दारात उभे राहून हे बघत होते. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, पलंगाची कड थोपटली. “सेट,” ती म्हणाली. मग मान हलवली, हे नाही. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. “ब... बसा.”

बाबा चहासकट मटकन खाली बसले. कप कलंडला, चादर भिजली, कुणीही उठलं नाही.

त्यानंतर शब्द आले, पण रांगत. ‘बसा’ मागून ‘उठा’ आलं, मग ‘अहो’, मग माझं नाव. धबधबा काही परतला नाही. अजूनही ती एक वाक्य जुळवते तेवढ्यात भाजी शिजते. पण वर्ष सरल्यावर तिनं मुख्याध्यापकांना गाठून ठणकावलं, “एक तास. द्या.” त्यांनी दिला.

मी मागच्या बाकावर बसले होते. आईनं डाव्या हातानं फळ्यावर वाकडीतिकडी तीन इंग्रजी अक्षरं काढली आणि अख्खा तास जवळजवळ न बोलता शिकवलं. मुलं ओरडून अर्थ सांगत होती, चुकली की ती खडूनं हवेत फुली मारायची.

तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, “बाई, मग ‘अपसेट’?”

वर्ग हसला. आई मात्र विचारात पडली. मग तिनं खुर्ची जमिनीवर आडवी केली आणि एका हातानं, दम लागेपर्यंत खटपट करून सरळ उभी केली. “आधी... हा अर्थ,” ती म्हणाली. “उभं... करणं.” मग त्याच खुर्चीला लाथ घालून ती पाडली. “आता. हा.”

खुर्चीचा आवाज एवढा मोठा झाला की शेजारच्या वर्गाचे सर काय झालं ते बघायला धावत आले. आई त्यांना म्हणाली, “बसा.”