फायनलच्या आड आलेला मांडव

मुलींचा फुटबॉल म्हटलं की सोलापुरात आधी लोक हसतात, मग विचारतात, "हाफ पँट घालून का?" चैतालीच्या टीमला कॉलेजनं मैदान दिलं तेही दुपारचं. सकाळी क्रिकेट अकॅडमी, संध्याकाळी पोट कमी करायला आलेले प्रतिष्ठित. कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही त्या वेळी मैदान पोरींचं.

"फुकटची भट्टी मिळालीय," कोच मृत्युंजय सर म्हणायचे. "भाजून घ्या."

पोरींनी भाजून घेतलं. ओले टॉवेल डोक्याला गुंडाळून पळाल्या, कोपरं सोलून घेतली, आणि त्या सीझनला लातूर पाडलं, कोल्हापूर पाडलं, सेमीफायनलला सांगलीला घरी पाठवलं. मग हसणारे लोक स्कोअर विचारायला लागले.

तेवढ्यात सीमेवर लढाई पेटली. टीव्हीवरचे शूर स्टुडिओतल्या एसीत बसून शहरं जिंकत होते. चैतालीचा थोरला भाऊ प्रदीप खरोखरच तिकडं होता, जम्मूच्या पुढं कुठंतरी. त्याचा फोन बंद. लढाई लागली की फोन बंद होणार, हे त्यानंच सांगून ठेवलं होतं. पण सांगून ठेवलं म्हणून आईच्या घशाखाली घास उतरतो असं नाही.

फायनल पुण्याच्या टीमबरोबर, आपल्याच मैदानावर, रात्री लाइटखाली ठरली होती. मोठे दिवे लावायला बंदी आली आणि मॅच दुपारी तीनवर आली. ऐन मे महिना. पुण्याच्या मॅनेजरबाईंनी कपाळाला हात लावला. आपल्या पोरी गालात हसल्या.

आदल्या दिवशी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आण्णा यांनी फर्मान काढलं. मॅच सोडून द्यायची. त्या वेळी मैदानावर मांडव घालून जवानांच्या आयांचा सत्कार होणार.

चैताली कॅप्टन. ती सरांना घेऊन थेट केबिनमध्ये गेली.

"आण्णा, सत्कार सकाळी घ्या की."

"सकाळी आमदारसाहेबांना वेळ नाही. ते चारला येणार."

"मग एखादा हॉल घ्या."

"हॉलमध्ये गर्दी दिसत नाही, बाळ. देश लढतोय आणि तुम्ही बॉलमागं पळणार? तू तर जवानाची बहीण!"

"म्हणूनच विचारते. तुमच्या घरातलं कोण गेलंय तिकडं?"

आण्णांचा एक मुलगा कॅनडात, दुसरा पेट्रोल पंपावर, मालक म्हणून. सरांना खोकला आला. आण्णा म्हणाले, "या आता."

बाहेर सृष्टी उभी होती. यंत्रमागवाल्या घरातली, टीमची सगळ्यात वेगवान पोरगी. "अक्का, आपण ड्रेस घालून यायचंच," ती म्हणाली. "मांडवाच्या खांबांमधनं ड्रिबल करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमाबाई, चैतालीची आई, भवानी पेठेतल्या टॉवेलच्या कारखान्यात निघाली. चौकात तिनं वर बघितलं आणि रस्त्यातच बसली.

फ्लेक्सवर प्रदीपचा वर्दीतला फोटो होता. फोटोला झेंडूचा हार, खाली समई. त्याखाली दुप्पट आकाराचे आण्णा, हात जोडून.

कारखान्यातल्या बायकांनी फोन केला. चैताली जर्सीतच पळत आली.

"प्रद्या गेला का गं?" भीमाबाईनं तिचा हात धरला. "लोकास्नी ठावं हाय, आन् मलाच कुनी सांगितलं न्हाय?"

 चैतालीनं फ्लेक्स नीट बघितला. शोकाचा एक शब्द नव्हता. 'सत्कार समारंभ' लिहिलं होतं. आपल्याकडं फ्लेक्सची डिझाइनं दोनच, वाढदिवसाचं आणि श्रद्धांजलीचं. दुकानदारानं जवानाचा फोटो बघितला आणि दुसरं उचललं. आण्णांनी मोबाइलवर पास केलं ते स्वतःचा चेहरा बघून.

"आई, तसं काही असतं तर मिल्ट्रीची माणसं दारात आली असती. आण्णाचा फ्लेक्स आला नसता."

ती बोलली खरी, पण खात्री तिलाही हवी होती. तिनं सरांना फोन लावला, सरांनी सैनिक कार्यालयाला. तिथून निरोप आला, असं काहीही कळवलेलं नाही. भीमाबाईनं तो निरोप सरांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतला. मग उठली, लुगडं झटकलं.

"काड त्यो खाली."

मैदानावर खांब रोवून झाले होते. भीमाबाई कारखान्यातल्या बायका घेऊन शिरली, काखेत फ्लेक्सची गुंडाळी.

"या मावशी, पहिल्या रांगेत," आण्णा म्हणाले. तिनं गुंडाळी उलगडली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "अरेरे, प्रिंटिंगची चूक. साडी देणार आहोत आपण तुम्हाला."

"साडी तुमच्या मंडळीला न्हेसवा. जित्या लेकराला हार घातला तुमी! त्यो तितं उभा हाय, आन् माजी लेक हितं खेळनार हाय. मांडव काडा. न्हाईतर साएब आलं की ह्यो फ्लेक्स त्येंच्या गाडीवर हातरते."

बायकांचे मोबाइल वर झाले होते. सत्काराला आलेल्या दोघी आया खुर्च्या सोडून भीमाबाईशेजारी येऊन उभ्या राहिल्या. आण्णांनी घाम पुसला. देशापुढं न झुकणारे आण्णा व्हिडिओपुढं झुकले. मांडव कडेला, लिंबाखाली गेला. खांबांचे खड्डे पोरींनी स्वतः मुरूम घालून चोपले.

पुण्याच्या पोरी चांगल्याच खेळत होत्या, खोटं कशाला बोलायचं. पहिला गोल त्यांचा. पण हाफटाइमनंतर ऊन त्यांच्या पायांत उतरलं. आपल्या पोरी तशाच पळत होत्या, जशा सगळा सीझन पळाल्या होत्या. सृष्टीनं दोघींना चकवून बरोबरी केली. मग कॉर्नर मिळाला. बॅकला खेळणारी चैताली पुढं आली, उडी मारली, आणि डोक्यानं बॉल असा हाणला की जाळी फुगून आली.

"चैतेऽ, आता सोडू नगंस!" भीमाबाई ओरडत होती. प्रदीपचा फोन अजून बंदच होता. ती मधेच नंबर लावायची, ऐकायची, परत ओरडायची.

सोडलं नाही. शिट्टी वाजली आणि पोरी तापल्या मातीवर आडव्या झाल्या.

आण्णा कप घेऊन आलेच. माइकवर म्हणाले, "वीर जवान प्रदीप यांच्या भगिनी..."

चैतालीनं माइक हातातून घेतला.

"माझं नाव चैताली. मी या टीमची कॅप्टन आहे," ती म्हणाली, आणि कप घ्यायला बाकीच्या दहा जणींना हाक मारली.